एका पत्त्यावरचे दोघे

विद्यापीठाच्या संगणक विभागात तिला सगळे मोजणीताई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण ते चुकीचं ठेवलं असं तिनंही कधी म्हटलं नाही. जिना चढताना ती पायऱ्या मोजायची, बैठकीत कोण किती वेळा 'म्हणजे' म्हणालं ते मोजायची आणि घरी आल्यावर आईला ते सांगून हसवायची. अशा माणसाला पोटापाण्याचं कामही मोजण्याचंच मिळावं, हे तिचं भाग्य.

ते काम समजावून सांगायला मात्र कठीण. सगळ्यात चांगलं सांगायची ती तिची आई. आई प्राथमिक शाळेतून निवृत्त झाली होती, पण हातातला खडू काही सुटला नव्हता. रोज शाळा सुटली की गल्लीतली मुलं तिच्या पुढच्या खोलीत दप्तरं टाकून बसत आणि आई भिंतीवरच्या जुन्या फळ्यावर गणितं घाले. एकदा एका मुलीनं विचारलं, बाई, तुमची ताई दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून करते तरी काय?

"असं समज," आई म्हणाली, "आपल्या गल्लीच्या तोंडाशी एक मोठ्ठा फळा आहे. त्यावर कुणीतरी एक गणित मांडलंय. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही खडू उचलावा, पुढची ओळ लिहावी. चुकली तर दुसरा दुरुस्त करतो. उत्तर आलं की ते सगळ्यांचं, फुकट. आणि गंमत म्हणजे या फळ्यावरचं काहीच पुसलं जात नाही. कुणी काय लिहिलं, कुणी खोडलं, कुणी कुणाला मठ्ठ म्हटलं, सगळं तसंच राहतं. आमची ताई तो फळा वाचते."

"कशाला?"

"नवं मूल फळ्यापाशी आलं की टिकतं का पळून जातं, आणि जातं तर का, हे तिला शोधायचंय."

मुलीनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मठ्ठ म्हटलं म्हणून जात असेल." याच उत्तरापर्यंत पोचायला आमच्या बाईसाहेबांना कित्येक वर्षं लागली, असं आई पुढे सगळ्यांना सांगायची.

तर आई ज्याला फळा म्हणायची, त्याला जगात ओपन सोर्स सॉफ्टवेअर म्हणतात. त्याचं आतलं लिखाण सगळ्यांना खुलं असतं, आणि ठिकठिकाणची माणसं, बहुतेक एकमेकांना न भेटलेली, ते मिळून लिहितात. मोजणीताईनं त्यातला एकच प्रोग्राम निवडला होता. ज्यांना दिसत नाही त्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा. त्या मंडळींची वर्षानुवर्षांची सगळी देवाणघेवाण तिनं गोळा केली: कुणी कोणता बदल पाठवला, त्याला काय उत्तर मिळालं, त्यानंतर तो माणूस पुन्हा आला की नाही.

गोळा करण्यापेक्षा निवडण्यातच तिचा जास्त जीव गेला होता. या मोजणीतली सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे एका माणसाचे अनेक पत्ते. घरचा ईमेल वेगळा, कचेरीतला वेगळा, कॉलेजातला जुना वेगळा. तिन्ही वेगळे मोजले की एका माणसाची तीन माणसं होतात आणि सगळं गणित फसतं. म्हणून या धंद्यातले सगळेच असे विखुरलेले पत्ते जुळवतात. मोजणीताईनं ते इतक्या चिकाटीनं जुळवले होते की कोण स्वल्पविरामानंतर जागा सोडत नाही, कोण कोणता शब्द नेहमी चुकवतो, हे तिला पाठ झालं होतं. पाहणी सुरू करण्याआधी तिनं प्रकल्पाच्या मंडळींना विचारून परवानगीही घेतली होती. वर कुणाचं नाव आपल्या हातून चव्हाट्यावर जाऊ नये म्हणून प्रत्येकाला एकेका पक्ष्याचं नाव दिलं. नावांऐवजी नुसते आकडे देणं तिच्या जिवावर आलं. पक्षी संपले तेव्हा ती झाडांवर आली, झाडं संपली तेव्हा नद्यांवर.

या सगळ्यातून तिचा लेख उभा राहिला, आणि त्या लेखाचा नायक होता सुतारपक्षी. सुरुवातीच्या वर्षांत हा सुतारपक्षी म्हणजे नुसती टकटक. एका नवख्यानं पाठवलेल्या बदलावर त्यानं लिहिलं होतं, "हे तुम्ही स्वतः ऐकून पाहिलंत का? मी ऐकलं. माझा कान दुखला." तो नवखा पुन्हा फिरकला नाही. पण पुढे हाच सुतारपक्षी हळूहळू मवाळ होत गेलेला दिसत होता. "घाबरू नका, पहिल्यांदा असंच होतं. तिसरी ओळ आपण पुन्हा बघू या." अधूनमधून जुनी टकटक उफाळून यायची, पण माणूस म्हटलं की एवढं चालायचंच, असं तिनं धरलं. फटकळ माणसंसुद्धा या कामात राहता राहता सोशिक शिक्षक होतात, असा तिच्या लेखाचा निष्कर्ष होता, आणि सुतारपक्षी त्याचा पुरावा.

लेख स्वीकारला गेला. नियतकालिकाची एकच अट होती: गोळा केलेला सगळा डेटा, नावं झाकून, सगळ्यांसाठी खुला करायचा.

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला विभागात कुलूप म्हणत, कारण तो चहाला जातानाही खण लावून जायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त सावध होता. त्यानं तिला समजावलं की अट आहे म्हणून थोडंसं दे, बाकीचं मागेपुढे म्हणून ठेव. विहीर खणायची आपण आणि पोहरे टाकायचे दुनियेनं, हा कुठला न्याय? शिवाय लवकरच निवड समिती बसणार होती. मोजणीताईची नोकरी तात्पुरती होती. ती कायम करायची की तिला निरोप द्यायचा हे समिती याच लेखावरून ठरवणार होती. अशा वेळी कुणी चूक काढली तर?

भीती तिलाही होतीच. आपलं कच्चं काम परक्यापुढे उघडं करायचं म्हणजे पाहुण्यांना थेट माळ्यावर नेण्यासारखं. पण कुलपाच्या बोलण्यातली एक गोष्ट तिला पटेना. विहीर तिची नव्हतीच. ज्या मंडळींनी आपला सगळा फळा उघडा ठेवला, त्यांच्याच जिवावर तिचा लेख उभा होता. त्यांनी तिला कधी खण लावून दाखवला नव्हता. दुसरं म्हणजे तिला आईची शाळा आठवली. आईच्या वर्गात उत्तराइतकेच गुण बाजूच्या आकडेमोडीला मिळत, आणि ती खोडून येणाऱ्या मुलाला आई म्हणायची, "बाळा, तू घसरलास कुठे ते मला दिसलं नाही तर मी हात कुठे धरू?"

तिनं सगळा डेटा खुला केला. कच्ची आकडेमोड, पत्ते कसे जुळवले त्याचे नियम, सगळं.

पुढचे काही दिवस छान गेले. ओळखी-अनोळखी लोकांची पत्रं आली. कुठल्याशा दूरच्या कॉलेजातल्या एका शिक्षिकेनं विचारलं, हा डेटा मी माझ्या मुलांना सरावाला देऊ का? मोजणीताईला इतका आनंद झाला की तिनं ते पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. सुतारपक्षी तर सगळ्यांचा लाडका झाला.

आणि मग सुतारपक्ष्याचंच पत्र आलं.

"नमस्कार ताई. तुमचा डेटा ऐकला. वाचला म्हणत नाही, कारण मला दिसत नाही. आमच्याच प्रोग्रामकडून वाचून घेतला. ऐकता ऐकता सुतारपक्षी आला आणि मी चमकलो. कान दुखल्याचं वाक्य माझं. पण 'घाबरू नका' असं मी जन्मात कुणाला म्हटलेलं नाही. ते आमच्या शेंडेफळाचं, म्हणजे धाकट्या बहिणीचं. घरात कॉम्प्युटर एक, खातं एक, त्यावर लिहिणारे आम्ही दोघं. तुमच्या लेखात मी सुधारलो असं लिहिलंय. ते ऐकून बहीण इतकी हसली की तिला ठसका लागला.

"यानं तुमचं नुकसान होणार असेल तर हे आपल्यातच राहू द्या. आम्ही कुणाला सांगणार नाही. लिहितोय ते खरं तर आभार मानायला. तिची उत्तरं मला आजवर सुटी सुटी ऐकू यायची. तुम्ही ती ओळीनं लावलीत. इतकी आहेत हे मला ठाऊक नव्हतं."

मोजणीताई पत्र वाचून खुर्चीतच बसून राहिली. एका माणसाचे अनेक पत्ते शोधण्यात तिनं डोळे फोडून घेतले होते. एका पत्त्यावर दोन माणसं राहत असतील, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिच्याच काय, या धंद्यातल्या कुणाच्याच येत नसे. कॉम्प्युटर ज्याचा त्याचा, खातं ज्याचं त्याचं, हे सगळे गृहीतच धरत. आणि ती ज्या घरात वाढली तिथे कंपासपेटीपासून छत्रीपर्यंत सगळं तिनं भावंडांबरोबर वाटून वापरलं होतं. तरीसुद्धा.

कुलपानं तिचा चेहरा पाहिला आणि पत्र मागून वाचलं. त्याला खरंच वाईट वाटलं. आवाज खाली आणून तो म्हणाला, हे बघ, समिती पुढच्या आठवड्यात आहे. ते स्वतःच म्हणतायत की आपल्यातच राहू दे. समिती होऊ दे, मग सावकाश दुरुस्ती टाक. खोटं बोलायचं नाहीये, फक्त थोडं थांबायचंय. तुला चूक कळली ती आज कळली का पुढच्या महिन्यात, कोण बघायला आलंय?

यातलं काहीच वेडगळ नव्हतं, म्हणून तर ते जास्त टोचलं. ती त्या दिवशी लवकर घरी आली.

पुढच्या खोलीत वर्ग रंगात होता. आईनं फळ्यावर एक लांबलचक भागाकार मांडला होता आणि मुलं तोंडानं पुटपुटत तो सोडवत होती. मोजणीताई दारातच चपला काढत उभी राहिली. तेवढ्यात पुढे बसलेल्या एका मुलानं हात वर केला. अंमळ घाबरतच म्हणाला, "बाई, तुमचा हातचा राहिलाय."

आई मागे वळली. फळ्याजवळ जाऊन चष्मा वर-खाली करत तिनं ती ओळ पाहिली.

"खरंच की. राहिलाच."

"तुम्ही मुद्दाम चुकलात ना बाई? आम्हाला कळतंय का बघायला?" दुसऱ्यानं विचारलं. शाळेत त्यांचे सर नेहमी तसं सांगत.

"नाही रे बाबा. मुद्दाम चुकायला अक्कल लागते. मी आपली साधीच चुकले." आईनं चुकीची ओळ पुसली नाही. तिच्यावर एक रेघ मारली, खाली बरोबर ओळ लिहिली आणि त्या मुलाकडे वळून म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. नाहीतर आपण सगळे मिळून चुकीच्या गावाला पोचलो असतो." मुलगा पाठ सरळ करून ताठ बसला, जणू त्याला कुणी बक्षीस दिलं होतं.

मोजणीताई आत जाऊन तोंड धुऊन आली. रात्रीच्या जेवणाला तिनं आईला सगळं सांगितलं. आई उपदेश करेल असं वाटलं होतं, पण तिनं एकच प्रश्न विचारला: त्या माणसाला तू आभार म्हणून लिहिलंस का गं अजून? मोजणीताईनं मान हलवली. लिहिलं नव्हतं. स्वतःच्या काळजीत ती इतकी बुडाली होती की ज्यानं हात धरला त्याच्याकडे पाहायचंच राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्या भावाला उत्तर लिहिलं. आधी आभार, मग क्षमा, आणि मग विनंती: दोघांची उत्तरं वेगळी करायला मला मदत कराल का?

फोनवर दोघं एकदमच आली. भावाचा आवाज जाड आणि वाक्यं तुटक. बहीण त्याचं बोलणं तोडून मध्येच बोलणारी. बहिणीनं सांगितलं, दादाला या प्रोग्रामचा एकेक कोपरा माहीत. दिवसभर तोच ऐकत असतो, म्हणून कुणाची चूक झाली की त्याला खरोखर कानात टोचते. त्यामुळे तो लिहितो ते बरोबर असतं, पण मिरची लावून. पुढे पुढे मी संध्याकाळी कामावरून आले की त्यानं काय काय लिहून ठेवलंय ते गुपचूप बघायचे आणि ज्याला मिरची झोंबली असेल त्याच्यासाठी खाली दुसरं उत्तर टाकायचे. नवं खातं कशाला काढायचं? मी थोडीच त्या प्रकल्पातली होते. मी आपली दादाच्या मागून फडकं फिरवत होते.

"आणि दादाला हे कळत नव्हतं," ती म्हणाली. "निदान तुमचा डेटा येईपर्यंत मला तसं वाटायचं."

"अगं शहाणे," मागून भावाचा आवाज आला, "मशीन मला पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतं. तुझं तेवढं वगळून वाचेल का?"

बहिणीचा आवाज खाली आला.

"मग इतक्या वर्षांत बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस."

मोजणीताईनं फोन कानापासून जरा लांब धरला. दुसऱ्याच्या घरातल्या अशा वाक्याच्या फार जवळ उभं राहू नये, असं तिला वाटलं. थोड्या वेळानं बहीणच नाक ओढत हसली आणि म्हणाली, चला ताई, करू या वाटण्या.

वाटण्यांची तिनं एक रीत ठरवली. नुसतं 'हे माझं, ते हिचं' एवढ्यावर विसंबून चालणार नव्हतं. म्हणून दोघांना ती वेगवेगळी विचारायची, एकाचं उत्तर दुसऱ्याला न सांगता, आणि मग ताडून पाहायची. बहिणीच्या कामाच्या वेळा तिनं मागून घेतल्या; ती कामावर असताना लिहिलेलं तिचं असू शकत नव्हतं. बहुतेक उत्तरं चोख जुळली. काहींवर दोघांनी हक्क सांगितला, तर काही दोघांनीही नाकारली. ती सगळी तिनं 'नक्की सांगता येत नाही' म्हणून बाजूला ठेवली.

एक छोटीशी थप्पी मात्र तिला कोड्यात टाकणारी निघाली. उत्तरं मऊ, 'हरकत नाही'ची, 'पुन्हा पाठवा'ची. भाऊ म्हणाला, ती बहिणीची. बहीण म्हणाली, शक्यच नाही. त्या दिवसांत मी कामानिमित्त परगावी होते आणि हा कॉम्प्युटर घरी होता. मोजणीताईनं तारखा पाहिल्या. बहीण घराबाहेर होती तेव्हाच नेमकी ती उत्तरं लिहिली गेली होती. दुसरं उत्तर द्यायला कुणी नाही, म्हणून पहिल्यानंच ते दिलं होतं.

तिनं भावाला हे हळूच विचारलं.

"ते मशीननं आपलं आपण लिहिलं असेल," तो म्हणाला, आणि विषय बदलला.

ही थप्पी पाहून तिला मोह झाला नाही असं नाही. म्हणजे फटकळ माणूस थोडा तरी बदलला होता की. पण चार-दोन उत्तरांवर सिद्धांत उभा राहत नाही, हे मोजणीताईला कुणी शिकवायला नको होतं. तिनं आकडे पुन्हा लावले. लेखाचा मुख्य निष्कर्ष कोसळला. फटकळ माणसं राहता राहता सोशिक होतात, हे तिच्या डेटातून दिसत नव्हतं. शिल्लक राहिलं ते लहान आणि साधं होतं: नवख्याला टोमणा बसला तरी त्यापाठोपाठ कुणीतरी दुसरं, धीराचं उत्तर दिलं, तर तो पुष्कळदा टिकतो. ते कुणी द्यायचं हे महत्त्वाचं नव्हतं. कुणीतरी द्यायचं.

तिनं दुरुस्ती लिहिली आणि खुल्या डेटाच्या अगदी वरच्या बाजूला ठेवली. जुना निष्कर्ष पुसला नाही. त्यावर रेघ मारली आणि खाली नवा लिहिला. मग समितीच्या आदल्या दिवशी ती विभागप्रमुखांकडे गेली. विद्यार्थी त्यांना स्वल्पविराम म्हणत, कारण त्यांचं वाक्य सुरू होई पण संपत नसे. तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं, म्हणजे, एका अर्थी बघायला गेलं तर, पण दुसरीकडे असंही आहे की, आणि मग खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

समितीत एका बाहेरच्या सदस्यानं विचारलं की ही चूक पकडली कुणी. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनीच, ती म्हणाली. डेटा खुला होता म्हणून त्यांना ऐकता आला. आणि झाकून ठेवला असता तर? मग तुम्ही आज माझं कौतुक करत असता, ती म्हणाली, आणि आपण सगळे चुकीच्या गावाला पोचलो असतो. सदस्य हसला, पण निर्णय हसून होत नाहीत. समितीनं सांगितलं की दुरुस्त केलेला लेख पाहिल्याशिवाय काही ठरवता येणार नाही. तोवर नोकरी तात्पुरतीच राहील. कुलपानं त्या संध्याकाळी तिच्या टेबलावर चहा आणून ठेवला आणि 'मी म्हटलं नव्हतं' असं म्हणाला नाही. हे त्याचे तिच्यावर मोठे उपकारच झाले.

ते महिने सोपे गेले नाहीत. घरात खर्चाला हात आखडून घ्यावा लागला. पण पत्रं येत राहिली. त्या दूरच्या शिक्षिकेनं कळवलं की तिच्या मुलांनी दुरुस्त केलेल्या डेटावरची रीत घेऊन आणखी दोन-तीन प्रकल्प तपासले, आणि दुसऱ्या उत्तराची गोष्ट तिथेही दिसते आहे. मुलांना सगळ्यात जास्त आवडलं होतं ते रेघ मारलेलं वाक्य. मोठी माणसंही हातचा विसरतात हे त्यांनी पहिल्यांदाच छापलेलं पाहिलं, असं तिनं लिहिलं होतं. तिकडे वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मंडळींनी आपल्या नियमांत एक ओळ घातली: नवख्याला कुणी तडकून बोललं की वाचणाऱ्या दुसऱ्यानं दिवस मावळायच्या आत उत्तर द्यावं. त्या ओळीला सगळे 'शेंडेफळ' म्हणू लागले. कुणाचं शेंडेफळ ते फार थोड्यांना ठाऊक होतं.

समिती पुन्हा बसली. मोजणीताई बाहेरच्या बाकावर वाट पाहत होती, आणि घाबरल्यामुळे तिला समोरच्या फरशाही मोजता येत नव्हत्या. दार उघडून विभागप्रमुख बाहेर आले. तिच्यासमोर उभे राहिले. घसा साफ केला.

"तुम्हाला कायम केलं आहे," ते म्हणाले.

इतकंच. पूर्णविरामासकट. जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी थबकून एकमेकांकडे पाहिलं.

घरी आईनं ऐकलं आणि तिच्या गालाला खडूचा हात लावला. वर्गातल्या मुलांना काय झालं ते नीटसं कळलं नाही, पण बाई इतक्या खूश आहेत म्हणजे आज गणितं कमी असणार, एवढं त्यांनी ओळखलं. ते मात्र चुकलं. आईनं त्या दिवशी दोन गणितं जास्तच घातली.

आता एकच काम उरलं होतं. सुतारपक्षी एक नव्हे, दोन होते; तेव्हा डेटात दोन नावं हवी होती. मोजणीताईनं ती आपल्या मनानं द्यायची नाहीत असं ठरवलं. तिनं दोघांना फोन केला, लेखाच्या शेवटी त्यांची खरी नावं घालून आभार मानायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि मग विचारलं की डेटासाठी तुम्हाला कोणते पक्षी आवडतील.

भाऊ म्हणाला, ताई, तुम्ही सगळ्यांना नावं दिलीत ती दिसण्यावरून दिसतायत. मला पक्षी दिसत नाहीत, पण ओरडण्यावरून सगळे ओळखतो. मी टिटवी. जरा कुठे खुट्ट झालं की आकाश डोक्यावर घेते, अगदी माझ्यासारखी. टिटवी आधीच दुसऱ्याला दिली आहे, असं मोजणीताईनं कबूल केलं. मग राहू दे सुतारपक्षीच, तो म्हणाला. टकटक तर मी करतोच.

"आणि तुम्हाला?" तिनं बहिणीला विचारलं. "तुमच्यासाठी एखादा छान गाणारा शोधू या."

"कोकिळा द्या," बहीण म्हणाली.

"गोड गळ्यासाठी?"

"छे हो. मी आयुष्यभर दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालत आले. तिच्याशिवाय मला शोभेल कोण?"

पलीकडून भाऊ पहिल्यांदाच खळखळून हसला. मोजणीताईनं यादी उघडली. इतके पक्षी संपवले, पण कोकिळा कशी कोण जाणे कुणालाच द्यायची राहून गेली होती. तिनं सुतारपक्ष्याच्या खाली एक नवी ओळ घातली.